थोरलीला थंडी वाजते

“अगं, भूक नाही लागलेली तिला. थंडी वाजतेय.”

हा मिस्त्रींचा आवाज. ते जाऊन कितीतरी हिवाळे उलटले, पण कांदा चिरून हात धुतले तरी बोटांना वास राहावा, तसं हे वाक्य काकूंच्या कानाला राहिलं होतं. ते बोलले तेव्हा काकू परातीत कणीक तिंबत होत्या. खिडकीतून दिसलं ते एवढंच, की नवरा मागच्या अंगणात लोखंडी पिंपाला कान लावून उभा आहे, आणि स्वतःचं घोंगडं त्यानं पिंपाला गुंडाळलंय.

“घरच्या माणसांना पांघरूण पुरेना, आणि टाकीचे लाड चाललेत,” काकू म्हणाल्या होत्या आणि हसल्या होत्या. शब्द कानात राहिले. त्यातलं सांगणं मात्र तेव्हा ऐकायचं राहूनच गेलं.

मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर काकूंच्या ताब्यात. त्यांना सगळं वसतिगृह काकूच म्हणायचं. अगदी रेक्टरबाईसुद्धा, ज्या वयानं त्यांच्याहून मोठ्या होत्या. स्वयंपाकघरामागे अंगण, अंगणाच्या कडेला काकूंना राहायला दिलेल्या दोन खोल्या, आणि मधोमध ती गॅसची टाकी. जमिनीत विटांची खोल विहीर, तिच्यावर पालथं घातलेलं हे भलंमोठं पिंप. एका बाजूच्या नळकांड्यातून भाज्यांची सालं, ताटातलं उष्टं, शिळा पाव, चहाचा चोथा, कापलेलं गवत आणि पलीकडच्या गोठ्यातलं शेण असा सगळा काला करून आत ओतायचा. आत तो कुजायचा, त्याचा गॅस व्हायचा. गॅस साठला की पिंप आपोआप वर उचललं जायचं, चूल पेटली की हळूहळू खाली बसायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी झोपेत संथ श्वास घेतंय.

मिस्त्रींनी ती आपल्या हातानं बांधली होती. लेक जन्मायच्या आधी बांधली म्हणून तिचं नाव थोरली. मागाहून लेक झाली ती धाकटी. धाकटी पायांवर उभी राहिली ती गरगर फिरतच राहिली, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. भिंगरीला मांडीवर घेऊन, एक हात पिंपावर ठेवून, मिस्त्री संध्याकाळी आपलंच काहीतरी जुळवून गुणगुणत बसायचे:

थोरली लेक माझी, भुईत गं बसलेली,
धाकटी लेक माझी, वाऱ्यानं गं नेलेली.

“असलं काय गाता हो? पोरगी मांडीवर बसलीय तुमच्या,” काकू करवादायच्या.

“बसलीय तोवर बसलीय,” मिस्त्री म्हणायचे.

पुढे मिस्त्री गेले, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत भिंगरीचं लग्न होऊन ती लांबच्या शहरात गेली. वाऱ्यानं नेलं म्हणावं, तर काकूंनीच घाई केली होती. मनाला त्या सांगायच्या, पोर मार्गी लागली. मन ऐकून घ्यायचं, आणि गप्प बसायचं.

मधले हिवाळे सौम्य आले. थोरली कशीबशी निभावून गेली. यंदाची थंडी मात्र हाडांत शिरणारी. सकाळी नळ सोडला की आधी नुसता उसासा यायचा, मग पाणी. त्या थंडीत पिंप एकदा खाली बसलं ते उठेचना.

काकूंना एकच उपाय ठाऊक होता. जन्मभर दुसऱ्यांना वाढत आलेल्या बाईला दुसरा कुठला सुचणार? कोणी मलूल दिसलं की त्याच्या ताटात जास्त वाढायचं. त्यांनी थोरलीचा घास वाढवला. एका बादलीच्या जागी दोन, दोनाच्या जागी तीन. मुली सुटीवरून परतल्या होत्या, उष्ट्याला तोटा नव्हता.

“काकू, ही टाकी आहे की जावई?” भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या. “किती तो आग्रह! नको म्हणतेय ती, ऐका तरी.”

“तुम्ही कढया घासा, मावशी.”

“घासतेच आहे. माझ्या कढईला कधी अजीर्ण झालेलं बघितलंय का?”

त्याच आठवड्यात भिंगरी आली. न कळवता. हातात एक पिशवी, अंगात पातळ स्वेटर, केस घट्ट बांधलेले. दारात उभं राहून म्हणाली, “सहज आले. रविवारी जाईन.”

लहानपणी दारातून आत येताना दोनदा चौकटीला धडकणारी ही पोर. आता अशी नेमकी, अशी हलकी पावलं टाकत आत आली, की खोलीला तिचा भारच जाणवला नाही. काकूंनी ते टिपलं. तोंडातून मात्र आलं ते नेहमीचंच.

“जेवलीस का?”

“हो. गाडीत.”

खोटं होतं. दोघींनाही माहीत होतं. काकूंनी ताट वाढलं. भिंगरीनं भाताचा डोंगर इकडचा तिकडे केला, दोन घास घेतले, उरलेलं झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी आणखी वाढलं. ताट तसंच परत आलं, आणि ते सगळं बादलीत, बादलीतून नळकांड्यात, थोरलीच्या पोटात. तीही घेईना.

मध्येच कुठल्याशा क्षणी, रिकामी बादली हातात घेऊन अंगणात उभ्या असताना, काकूंना तो फोन आठवला. विसरला कधी होता म्हणा. लग्नानंतरचं पहिलंच वर्ष. ऐन दुपारची वेळ, काकूंच्या हाताला पीठ, फोन खांदा आणि गालाच्या मध्ये धरलेला. पलीकडून भिंगरी म्हणाली होती, “आई, इथे कोणी बोलत नाही गं माझ्याशी.”

तेव्हा एक शब्द काकूंच्या जिभेवर येऊन बसला होता. दोन अक्षरांचाही नव्हता. पण त्या शब्दामागून किती काय काय आलं असतं! लोक काय म्हणतील. दोन खोल्या, त्याही नोकरीच्या. रेक्टरबाईंना काय सांगायचं. आणि सगळ्यांत मोठं भय असं, की मिस्त्री गेले तेव्हा एक घर बसलं. आता पोरीचंही बसलं तर आपण उभं कशाच्या आधारानं राहायचं? काकूंनी तो शब्द गिळला आणि विचारलं, “जेवलीस का?”

 मग, “हो, जेवले.”

काकूंनी दुसऱ्याच दिवशी खाऊचा डबा पाठवला. पुढच्या महिन्यात मोठा डबा. भिंगरीचे फोन कमी होत गेले तसे डबे मोठे होत गेले. त्यानंतर तिनं ‘कोणी बोलत नाही’ असं एकदाही म्हटलं नाही. डबा पोचला, छान होतं, एवढंच म्हणायची.

शुक्रवारी सकाळी पिंप चक्क हललं. दोन बोटं वर आलं. काकूंना कोण आनंद! चुलीची तोटी सोडली, काडी लावली. फुस्स. दुसरी लावली. पिवळट जीभ एकदा लवलवली आणि विझली. आणि वास असा आंबटढाण, की मावशींनी पदर नाकाला लावून अंगण सोडलं.

“गॅस आहे, मग पेटत का नाही?” रेक्टरबाई दारात येऊन म्हणाल्या. वाईट बाई नव्हत्या; थंडीनं त्यांचंही नाक लाल झालं होतं. “काकू, तुम्हाला झेपत नसेल तर राहू दे. उन्हाळ्यात काढून टाकू. सायकली लावायला जागा होईल.”

त्या गेल्या, आणि काकू ज्या पेटल्या त्या पेटल्याच. सायकली! मिस्त्रींच्या लेकीच्या उरावर सायकली! मोठ्या पातेल्यातलं पाणी खळाखळा उकळत होतं. पातेलं दोन फडक्यांनी धरून त्या तरातरा अंगणात आल्या. थंडी वाजते ना तिला? मग घे. हे घे ऊन-ऊन. आत्ता ओतते सगळं.

“आई, ओतू नकोस!”

भिंगरीचा आवाज. घरात आल्यापासून पहिल्यांदा त्या आवाजाला भार होता. ती धावत आली आणि पातेल्याच्या कडेला तिनं नुसता हात घातला. चटका बसला तसा मागे घेतला, पण वाटेतून हलली नाही.

“अगं भाजलं ना! हो बाजूला!”

“मरतील ते. एका पातेल्यात सगळे मरतील.”

“कोण मरतील?”

“बाबांनी तुला सांगितलं नव्हतं?”

सांगितलं असेल. सांगितलं होतंच. काकू कणीक तिंबत होत्या. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि भिंगरीचा हात धरून तिला नळाखाली नेलं. त्या गार पाण्यात भिंगरीची बोटं आपल्या हातात धरून त्या उभ्या राहिल्या, आणि लक्षात आलं, की पोर आल्यापासून आपण तिला हात लावलाय तो हा पहिला.

मग भिंगरी माळ्यावर चढली. तिथून तिनं मिस्त्रींचं थर्मामीटर शोधून काढलं, दोरीला बांधलं आणि नळकांड्यातून आत सोडलं. वर काढून अंगठ्यानं पुसलं.

“चौदा,” ती म्हणाली. “बाबा ऐन थंडीतसुद्धा तिशीच्या खाली येऊ द्यायचे नाहीत. पस्तीसला तर ही नुसती उड्या मारायची.”

“म्हणून काय झालं? अन्न तर देतेय ना मी.”

“त्यानंच तर झालं.” भिंगरी टाकीच्या कट्ट्यावर बसली, लहानपणी बसायची तशी, पाय वर घेऊन. “आत दोन तऱ्हेचे जीव असतात, आई. डोळ्यांना न दिसणारे. पहिले आहेत ते कचरा फोडतात, त्याचं आंबट करतात. ते राकट. थंडीतही रेटून नेतात थोडंफार. दुसरे ते आंबट खाऊन त्याचा जळणारा गॅस करतात. ते नाजूक. गारठा पडला की दुसरे हातपाय आखडून बसतात. पहिले आंबट करत राहतात, खाणारं कोणी नाही. आणि तू वरून घास वाढवतेस. सगळं आंबट साठून राहिलंय पोटात. आत्ता वर आलाय तो गॅस पेटणारा नाहीच.”

“मग गरम पाण्यानं ते दुसरे जागे झाले असते की.”

“एकदम नाही चालत त्यांना. गारठ्यापेक्षा एकदम बसलेला चटका वाईट. रोज जरा जरा ऊब द्यायची. एखाद-दुसरा अंश, बस्स. आणि घास बंद. पुरता बंद. मग आंबटपणा मोडायला थोडी चुन्याची निवळी, आणि ज्याची टाकी नीट चालतेय त्याच्याकडून बादलीभर जिवंत काला आणून आत सोडायचा. तेवढ्यावर नवी वस्ती वाढते.”

काकू तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, मग हे दह्याचंच झालं की! हे विरजण. दूध कढत असलं तर विरजण मरतं, गार असलं तर लागतच नाही. कोमट दुधात घालून भांडं गुंडाळून ठेवायचं, आणि मग त्याला हात लावायचा नाही.”

“तेच तर.” भिंगरी हसली. बारीकसं, तोंड अर्धं वळवून. पण हसली. “तुला येतंच की सगळं.”

येत होतं. रोज रात्री भांडं गुंडाळून ठेवत होतो आपण, काकूंना वाटलं. तेच दोन पावलांवरच्या टाकीला लावायचं सुचलं नाही. आणि टाकीचंच कशाला.

गोठेवाल्याची टाकी गोठ्याच्या उबेत चालत होती. त्यानं काला दिला, वर चेष्टाही दिली. “काकू, आमच्याकडे शेजारणी साखर मागायला येतात. तुम्ही पहिल्याच हे मागायला आलात.” मावशींनी पोती आणली. दोघी मायलेकींनी टाकीभोवती सुका पाला आणि ताजं शेण थापून जाड थर दिला, कारण तो ढीग आतल्या आत तापत राहतो. त्यावर पोती, त्यावर जुनी पांघरुणं, त्यावर काळं प्लॅस्टिक. पिंपाला काकूंनी ते घोंगडं गुंडाळलं. विटलेलं, भोकाभोकांचं, मिस्त्रींचं.

दोरी आवळताना, पिंपाच्या पलीकडून, चेहरा दिसत नसताना, भिंगरी म्हणाली, “वाईट नाहीत गं कोणी तिथे.”

काकूंच्या तोंडावर आलं होतं, मग काय झालं तरी काय? त्यांनी दोरीची गाठ मारली.

“नुसतं, मी घरात आहे हे कोणाच्या लक्षात नसतं,” थोड्या वेळानं पलीकडून आलं.

रविवार आला. भिंगरी म्हणाली, “ऊब जरा चढू दे. बुधवारी जाईन.” बुधवारी म्हणाली, “चुना पुन्हा घालावा लागेल.” ती रोज सकाळी थर्मामीटर सोडायची, आणि भांडी विसळलेलं कोमट पाणी दोन-दोन तांबे करून आत घालायची. पारा चढायचा तो मुंगीच्या पावलानं. एखाद्या दिवशी चढायचाही नाही. काकू उष्ट्याच्या बादल्या गोठेवाल्याकडे पाठवून द्यायच्या आणि हात चोळत बसायच्या. देता येत नाही याचं एवढं दुःख त्यांना आजवर कधी झालं नव्हतं.

जेवायला बसल्यावर त्या आता भिंगरीच्या ताटात वाढत नव्हत्या. भांडं मध्ये ठेवायच्या आणि शेजारी बसायच्या, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ. अवघड गेलं. हात वाढायच्या डावाकडे आपोआप जायचा, तो मांडीखाली दाबून ठेवायच्या. भिंगरी कधी घास घ्यायची, कधी नाही. बोललीच तर एखादं वाक्य. एकदा म्हणाली, “तुझे डबे यायचे ना, ते सगळे मिळून खायचे. छान गप्पा मारत खायचे. मी वाढायचे.” आणि एकदा, पाणी पिऊन भांडं खाली ठेवता ठेवता म्हणाली, “निघताना मी दारातून ‘येते’ म्हणाले. टीव्ही चालू होता.”

“त्यानंतर कोणाचा फोन?” काकूंना राहवलं नाही.

“नाही.” भिंगरीनं बोटानं ताटावर एक रेघ ओढली. “अजून लक्षात आलं नसेल बहुधा.”

काकू त्या दिवशी भांडी आवरायच्या निमित्तानं उठल्या आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून उभ्या राहिल्या. एवढी वर्षं आपण माउलीसारखं वागलो असं त्या समजत होत्या. पोर तिथे गारठत होती, आणि आपण डब्यामागून डबा. त्या डब्यांवर दुसरीच माणसं पोसली गेली. पोरीच्या वाट्याला आलं ते आतलं आंबट.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी काकू चहाचं आधण ठेवायला गेल्या तर खिडकीतून पिंप वर आलेलं दिसलं. फार नाही. एखादं माणूस झोपेतून उठून कोपरावर टेकावं, तेवढंच. त्यांनी हाक मारली नाही. भिंगरी आधीच चुलीपाशी उभी होती. तिनं तोटी सोडली, काडी लावली. ज्योत निळी आली. लहान, थरथरती, पण निळी.

“बघा बघा, रुसवा गेला थोरलीचा!” मावशी ओरडल्या. “आता रेक्टरबाईंना म्हणावं, सायकली डोक्यावर घेऊन फिरा.”

भिंगरीनं ज्योतीवर हात शेकला. मग म्हणाली, “पहिल्यासारखी नाही व्हायची लगेच. काही वस्ती गेलीच आतली. पुढच्या हिवाळ्यात पाला आधीपासून थापून ठेव. घास थोडा थोडा वाढव. ती घेईल तेवढाच दे.”

“बरं.”

“आता चालली ती. मग मी निघते आज. किती दिवस तुझी अडचण करायची? दोन खोल्या तुझ्या, त्याही वसतिगृहाच्या.”

ती आत गेली आणि पिशवी घेऊन आली. आली होती तेवढीच पिशवी, तोच पातळ स्वेटर, केस तसेच घट्ट बांधलेले. मावशींनी एकदा काकूंकडे बघितलं आणि कढई घेऊन मुकाट बाहेर गेल्या.

काकूंचे हात सवयीनं फडताळाकडे गेले. डबा निघाला. झाकण निघालं. आत काय भरायचं म्हणून त्या इकडेतिकडे बघू लागल्या, आणि चुलीवर ती ज्योत दिसली. डबा तसाच रिकामा त्यांच्या हातात राहिला. भिंगरी वाट बघत उभी होती, डबा घ्यायला हात पुढे करून. शहाण्या मुलीसारखा. वर्षानुवर्षं असाच घेत आली होती.

काकूंनी डबा ओट्यावर ठेवला. झाकण शेजारी ठेवलं. हात पदराला पुसले, कोरडेच होते तरी.

“तो फोन,” त्या म्हणाल्या.

“कुठला?”

“लग्नानंतरचा. इथे कोणी बोलत नाही गं म्हणालीस, तो.”

भिंगरीचा पुढे केलेला हात हळूच खाली आला.

“मी विचारलं, जेवलीस का,” काकू म्हणाल्या. “ते नव्हतं गं विचारायचं मला. ऐकलं होतं मी. सगळं नीट ऐकलं होतं. ये म्हणायचं होतं. जशी असशील तशी, आत्ताच्या आत्ता निघून ये, असं म्हणायचं होतं मला.”